वडिलांमागे कुळागर कोणाच्या नावावर?

प्रश्न: गोव्यात फोंड्याकडे राहणारे वडील मृत्युपत्र न करता वारले. एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातल्या जमिनीच्या नोंदीवर) त्यांचंच नाव आहे. कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आम्हा भावांच्या नावावर कसं करायचं?

उत्तर: फक्त भावांच्या नावावर होणार नाही. गोव्याच्या कायद्यात, आईवडिलांचा लग्नाआधी वेगळा करार नसेल, तर निम्मी मालमत्ता आईचीच. उरलेली सगळ्या मुलामुलींत समान. लग्न झालेल्या बहिणींना वगळू नका, तो त्यांचा हक्क आहे. पंचायतीत 21 दिवसांच्या आत मृत्यूची नोंद करा. मग उपनिबंधकाकडे वारसांचं घोषणापत्र. त्याने वारस ठरतात, वाटणी होत नाही. एकमत नसेल तर दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटून देणारी कारवाई. फेरफार मामलेदाराकडे. तिथे बरेचदा नावावरून अडतं: मृत्यूच्या दाखल्यावर नाईक, उताऱ्यावर गावकर. मृत्यूची नोंद करतानाच नाव जुळवून घ्या.