मेल्यावर नखं वाढतात का? आणि अंधारातल्या गोष्टींबद्दल तुमचे इतर प्रश्न

जगभरच्या भुताखेतांबद्दल, राक्षसिणींबद्दल तुम्ही बरेच प्रश्न पाठवलेत. त्यातले पाच इथे घेतेय.

प्रश्न : व्हँपायर म्हटलं की काळा झगा, सुळे आणि पडका किल्ला एवढंच डोळ्यासमोर येतं. पण लोक खरोखर यावर विश्वास ठेवायचे का, की हे सगळं नंतर कादंबऱ्यांनी आणि सिनेमांनी पसरवलंय?

ठेवायचे, अगदी मनापासून ठेवायचे, आणि त्याचे सरकारी कागदसुद्धा आहेत. १७२५ साली सर्बियातल्या किसिलयेवो गावात, तेव्हा तो भाग ऑस्ट्रियाच्या ताब्यात होता, पेतार ब्लागोयेविच नावाचा शेतकरी वारला आणि त्यानंतर आठ दिवसांत गावातली नऊ माणसं पटापट गेली. मरताना ती म्हणे सांगत होती की पेतार रात्री येऊन गळा दाबतो. गाव इतकं घाबरलं की थडगं उघडू द्या नाहीतर आम्ही गाव सोडून जातो असं त्यांनी अधिकाऱ्याला सांगितलं, मग तो बिचारा स्वतः थडग्याशी हजर राहिला आणि जे दिसलं ते त्याने व्हिएन्नाला लिहून कळवलं : दाढी-नखं वाढलेली, जुनी कातडी सोलून खाली नवी आलेली, तोंडात ताजं रक्त. लोकांनी छातीत खुंटा ठोकला आणि प्रेत जाळून टाकलं.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं की त्या माणसांनी खोटं काही सांगितलेलं नाही, त्यांनी जे पाहिलं ते बरोब्बर पाहिलं. मेल्यावर नखं वाढत नाहीत, पण कातडी सुकून आक्रसते त्यामुळे नखं आणि दाढी लांब झाल्यासारखी दिसतात. वरची कातडी सुटून येते आणि खालचा थर लालसर, ताजा दिसतो. पोटात गॅस होऊन प्रेत फुगतं (म्हणून ते 'खाऊनपिऊन जाड झालेलं' वाटायचं) आणि त्याच दाबाने काळपट लाल पाणी तोंडानाकातून बाहेर येतं. कुजण्याची ही प्रक्रिया थंडीत, खोल मातीत फार हळू होते हे त्यांना कोण सांगणार! बघणं बरोबर होतं, अर्थ चुकला. पुढे १७५५ मध्ये ऑस्ट्रियाच्या महाराणी मारिया थेरेसाने आपला डॉक्टर व्हान स्वीटेन याच्याकडून याचा छडा लावून घेतला आणि प्रेतं उकरून जाळायला बंदी घातली.

तरी भीती संपली नाही, कारण रोग संपला नव्हता. अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या एक्झेटर गावात १८९२ साली १९ वर्षांची मर्सी ब्राऊन क्षयाने गेली. आई आणि बहीण आधीच गेलेल्या, भाऊ एडविन खंगत चाललेला. मेलेल्यांपैकीच कुणीतरी एडविनचा जीव शोषतंय असं म्हणत शेजाऱ्यांनी बापाच्या मागे लागून थडगी उघडायला लावली. मर्सीचं प्रेत जेमतेम दोन महिन्यांचं, तेही ऐन कडाक्याच्या थंडीतलं, त्यामुळे हृदयात रक्त सापडलं आणि सगळ्यांना 'पुरावा' मिळाला. काळीज जाळून त्याची राख पाण्यातून एडविनला पाजली. दोन महिन्यांत तोही गेला. आणि क्षयाचा जंतू जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉखने १८८२ मध्येच, म्हणजे दहा वर्षं आधी, शोधून काढलेला होता. हे वाचलं की मला अजूनही वाईट वाटतं, कारण तिथे कुणीच दुष्ट नव्हतं, एका पोराला वाचवायची धडपड चालली होती.

प्रश्न : मला कधी कधी पहाटे जाग येते पण हलता येत नाही, छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटतं. घरातले म्हणतात बाहेरची बाधा आहे.

घाबरू नका, याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात आणि शंभरातल्या साधारण आठ जणांना आयुष्यात कधी ना कधी हा अनुभव येतो. स्वप्न पडतात त्या झोपेत मेंदू शरीराचे स्नायू बंद करून ठेवतो, म्हणजे आपण स्वप्नातलं धावणं खरंच धावत नाही. कधी मेंदू आधी जागा होतो आणि स्नायू मागे राहतात, स्वप्नाचा तुकडाही डोळ्यासमोर शिल्लक असतो. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये लोक म्हणतात म्हातारी येऊन बसते, ब्राझीलमध्ये लांब नखांची पिसादेइरा छपरावरून उतरते आणि भरल्या पोटी उताणं झोपलेल्यांच्या छातीवर उभी राहते. उताण्या झोपेत हा त्रास जास्त होतो हे आता डॉक्टरही सांगतात, म्हणजे बघा, गोष्टीत निरीक्षण किती पक्कं होतं. कुशीवर झोपा, झोप पुरेशी घ्या, आणि वरचेवर व्हायला लागलं तर डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : जगात कुठेही बघा, सगळ्यात भयंकर भूत बाईचंच का असतं? आणि तेही बाळंतिणीच्या मागे लागलेलं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडला. प्राचीन मेसोपोटेमियातली, म्हणजे आजच्या इराकच्या भागातली, लमाश्तू राक्षसीण घ्या. सिंहाचं तोंड, गाढवाचे कान, पक्ष्याच्या नख्या, दोन्ही हातांत साप, आणि अंगावर पिणारं डुकराचं आणि कुत्र्याचं पिल्लू. ती गरोदर बाईच्या पोटाला सात वेळा हात लावते आणि मूल जातं. तिला हाकलायला पाझुझू नावाच्या दुसऱ्या भयानक राक्षसाचं तोंड ताईत म्हणून लावायचे. ब्राँझच्या ताईतांवर तर तिला होडीत बसवून परत पाठवतात आणि सोबत फणी आणि चातीही दिलेली असते, म्हणजे माहेरवाशिणीसारखी पाठवणी करायची पण घराबाहेर काढायचं.

मलायातली पेनांगलान म्हणजे नुसतं डोकं आणि खाली लोंबणारी आतडी, ती उडत येते आणि बाळंतिणीचं रक्त पिते. म्हणून घराभोवती काटेरी पानं लावायची, आतडी अडकावीत म्हणून. फिलिपिन्सची मनानांगाल कमरेतून सुटून उडते, मागे राहिलेल्या धडावर मीठ टाकलं की तिला परत जोडता येत नाही. इंडोनेशियातली पोंतियानाक आणि भारतातली चुडैल या तर बाळंतपणात मेलेल्या बायकाच.

बाळंतपणात बाया आणि मुलं मरायची, भराभर मरायची, आणि का ते कुणालाच कळत नव्हतं. १८४७ मध्ये व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने इतर डॉक्टरांना हात धुवायला लावले तेव्हा कुठे बाळंतज्वराचे मृत्यू एकदम खाली आले. तोवर हजारो वर्षं त्या न मिळालेल्या उत्तराची जागा या राक्षसिणींनी भरलेली होती. माझा राग एवढ्यावरच आहे की बळी बाईच आणि भूतही तीच. पेनांगलान तर बरेचदा गावची सुईणच निघते, म्हणजे जिने मदत केली तिच्यावरच आळ.

प्रश्न : पण या गोष्टींनी कुणाचं काय बिघडतं? निव्वळ करमणूकच ना?

वाचताना करमणूक, हो. पण आयर्लंडमध्ये १८९५ साली टिपररीतल्या बॅलीव्हॅडली इथे ब्रिजेट क्लिअरी आजारी पडली. शिवणकाम करणारी, कोंबड्या पाळून स्वतःचे चार पैसे कमावणारी बाई. नवऱ्याने ठरवलं की ही माझी बायको नव्हेच, परीलोकांनी तिला नेलं आणि बदली दुसरीच ठेवलीय. नातेवाईकांनी धरून तिला कडू काढे पाजले, चुलीजवळ धरून 'तू ब्रिजेटच का' असं पुन्हा पुन्हा विचारलं आणि शेवटी नवऱ्याने जाळून मारलं. खरी बायको पांढऱ्या घोड्यावरून परत येईल म्हणून तो नंतर टेकडीवर वाट बघत बसला. सदोष मनुष्यवधाची २० वर्षांची शिक्षा झाली, १५ भोगली. त्या घरात माणसं भरपूर होती, पण तिच्या बाजूने ठाम उभं राहणारं कुणी नव्हतं.

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षांचा आहे. त्याला असल्या गोष्टी सांगू का?

जरूर सांगा, पण ज्यात सुटायची वाट असते त्या आधी निवडा. जपानचा कप्पा पाण्यात राहतो, पोरांना ओढून नेतो, पण त्याच्या डोक्यावरच्या खळग्यात पाणी असतं. आपण वाकून नमस्कार केला की तोही शिष्टाचार म्हणून वाकतो, पाणी सांडतं आणि त्याची ताकद जाते. जपानमध्ये तळ्याकाठच्या धोक्याच्या पाट्यांवर आजही कप्पाचं चित्र दिसतं. इंग्लंडमध्ये लँकशरला जेनी ग्रीनटीथ आहे, ती हिरव्या शेवाळाने झाकलेल्या डबक्यात असते, आणि असं डबकं लहान मुलाला खरंच गवताचं मैदान वाटतं, म्हणून पोहता येईपर्यंत ही गोष्ट कामाची आहे. फक्त 'तू हट्ट केलास तर ती तुला घेऊन जाईल' हे मात्र जोडू नका, भीती पाण्याची असू दे, तुमची नको.