बंद खोलीतला खून: उत्तर कळल्यावरही या जुन्या कादंबऱ्यांत काय उरतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दार आतून बंद, खिडक्या बंद, आत प्रेत आणि खुनी गायब, अशा शंभर वर्षांपूर्वीच्या रहस्यकथा लोक अजून इतक्या आवडीने का वाचतात? खुनी कोण ते कळलं की पुस्तक संपलंच ना?

या कादंबऱ्यांवर माझा फार जीव आहे, तेव्हा उत्तर लांबेल. पण सांगायचंय ते एकच. इथे 'कोणी' हा प्रश्न दुय्यम असतो. खरा प्रश्न 'कसं' हा असतो, आणि त्याचं उत्तर एकदा कळलं तरी शिळं होत नाही.

नेहमीच्या खुनाच्या गोष्टीत सहा-सात संशयित असतात. पुतण्या, डॉक्टर, सेक्रेटरी, म्हातारी मावशी. डोळे मिटून एखादं नाव घेतलं तरी कधीतरी बरोबर येणारच. बरंच वाचलेली माणसं तर सरळ सगळ्यात साळसूद दिसणाऱ्यावर बोट ठेवतात आणि पुष्कळदा जिंकतात. बंद खोलीच्या गोष्टीत ही पळवाट नाही. समजा नाव बरोबर आलं, तरी तो माणूस आतून बोल्ट लावलेल्या खोलीतून बाहेर कसा पडला? हे अंदाजपंचे सांगता येत नाही. डोकं लावावंच लागतं.

एक उदाहरण जरा जवळून बघू. एडगर ॲलन पोची 'द मर्डर्स इन द रू मॉर्ग' ही कथा १८४१ सालची. यातली एक क्लृप्ती मी इथे फोडणार आहे, खुनी मात्र सांगणार नाही.

पॅरिसमधलं घर, चौथा मजला, राहणाऱ्या दोघीच, आई आणि मुलगी. पहाटे किंकाळ्या ऐकून लोक धावत वर येतात. दाराला कुलूप, किल्ली आतल्या बाजूने लावलेली. दार फोडल्यावर मुलीचं प्रेत धुराड्यात कोंबलेलं सापडतं आणि आईचं मागच्या अंगणात. खोलीला दोन खिडक्या, तावदान वर सरकवून उघडायच्या. दोन्हींच्या चौकटीला भोक पाडून त्यात जाडजूड खिळा जवळजवळ डोक्यापर्यंत बसवलेला. पोलिसांनी तावदानं वर ढकलून पाहिली, हलली नाहीत. म्हणजे इथून कोणी गेलेलं नाही, असं ठरवून ते मोकळे झाले. खिळे उपसून बघायची त्यांना गरजच वाटली नाही.

द्युपँ हा पोचा गुप्तहेर उलट बाजूने विचार करतो. दुसरी कुठलीच वाट नाही, म्हणजे खुनी खिडकीतूनच गेला असला पाहिजे. खिडक्या बंद आहेत, म्हणजे त्या आपोआप बंद होत असल्या पाहिजेत. तो पहिल्या खिडकीचा खिळा उपसतो, तरी तावदान हलत नाही. मग आत लपवलेली स्प्रिंग असणार, आणि ती सापडते. पण या खिडकीतून कोणी बाहेर पडलं असतं तर स्प्रिंग आपोआप अडकली असती, खिळा मात्र बाहेरून पुन्हा बसवता आला नसता. राहिली दुसरी खिडकी, पलंगाच्या डोक्यामागची. तिथेही तशीच स्प्रिंग आणि अगदी तसाच खिळा. इथे दुसरा कोणी असता तर हरलाच असता. द्युपँ म्हणतो, माझ्या तर्काच्या साखळीत एकही कच्चा दुवा नाही, तेव्हा गडबड या खिळ्यातच असली पाहिजे. तो खिळ्याला हात लावतो आणि डोकं दांडीच्या एका छोट्या तुकड्यासकट त्याच्या बोटांत येतं. खिळा केव्हाचा आतल्या आत मोडलेला होता. तावदान वर गेलं की डोकं त्याच्याबरोबर वर जायचं, खाली आलं की पुन्हा जागेवर, आणि बघणाऱ्याला खिळा अखंड दिसायचा.

खुनी कोण हे मला या कथेत केव्हाचं माहीत आहे, तरी दर वाचनात हा भाग आला की मी सावकाश होतो. पोलिसांनी जे पाहिलं ते खोटं नव्हतं. खिळ्याचं डोकं जागेवर होतं हे खरंच. 'डोकं आहे म्हणजे खिळा आहे' एवढं मात्र त्यांनी पदरचं घातलं. वाचताना मीही तेच घातलं होतं. या प्रकारच्या चांगल्या गोष्टींचा जीव इथे असतो. लेखक आपल्याला फसवतो असं आपण म्हणतो खरं, पण तो फक्त जागा रिकामी ठेवतो आणि तिथे चुकीची गोष्ट आपण आपल्या हाताने नेऊन ठेवतो. उत्तर कळल्यावर मागे जाऊन वाचलं की नेमकं कुठल्या ओळीला आपण हे केलं ते दिसतं. म्हणूनच या कादंबऱ्या दुसऱ्यांदा वाचायला जास्त मजा येते.

चेस्टरटन या इंग्रज लेखकाच्या, फादर ब्राउन नावाच्या गुन्हे उलगडणाऱ्या धर्मगुरूच्या कथांमधली 'द इनव्हिजिबल मॅन' घ्या, १९११ च्या पहिल्या संग्रहातली. इमारतीच्या दारावर चार माणसांना लक्ष ठेवायला सांगितलेलं असतं. चौघेही सांगतात, आत कोणी गेलं नाही. बाहेरच्या बर्फात पावलं मात्र स्पष्ट उमटलेली. चौघांतला एकही जण खोटं बोलत नाही! यात यंत्र नाही, दोरी नाही, चोरवाट नाही. माणसं रोज काय बघतात आणि काय बघूनही धरत नाहीत, एवढ्यावर अख्खी कथा उभी आहे.

याच्याही आधी, १८९१ मध्ये, इझ्राएल झँगविलची 'द बिग बो मिस्टरी' लंडनच्या 'द स्टार' या वर्तमानपत्रात क्रमशः येत होती आणि वाचक आपापली उत्तरं कळवत होते. झँगविलने पुढे प्रस्तावनेत लिहिलं की चांगलं रहस्य वाचकाला सुटण्यासारखंही हवं आणि न सुटण्यासारखंही, आणि त्यासाठी लागणारं सगळं साहित्य गोष्टीतच दिलेलं असलं पाहिजे. मला यातली दुसरी अट फार मोलाची वाटते. शेवटच्या प्रकरणात अचानक जुळा भाऊ किंवा भुयार काढणाऱ्या लेखकाने वाचकाचा वेळ घेतलेला असतो, बदल्यात काही दिलेलं नसतं. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरूने रहस्यकथेचे दहा नियम लिहिले, त्यात गुप्त खोली किंवा चोरवाट एकापेक्षा जास्त नको असं बजावलंय. माझ्या मते एकही नको.

आता जॉन डिक्सन कारबद्दल. हा अमेरिकन माणूस, जन्म १९०६ चा, पण १९३० च्या दशकात इंग्लंडात राहिला आणि अशा कादंबऱ्यांचा राजा झाला. कार्टर डिक्सन या नावानेही त्याने भरपूर लिहिलं. त्याची १९३५ ची 'द हॉलो मॅन' घ्या. लंडनमधली बर्फाळ रात्र. मुखवटा घातलेला एक माणूस प्राध्यापक ग्रिमोच्या अभ्यासिकेत शिरताना दिसतो, दार बंद होतं, आतून गोळीचा आवाज येतो. दार उघडतात तर प्राध्यापक मरणाच्या दारात आणि पाहुणा नाहीसा. खिडकीखालच्या बर्फावर पाऊलखूण नाही. त्याच रात्री दुसरा माणूस भर रस्त्यात, अगदी जवळून झाडलेल्या गोळीने मरतो. साक्षीदार आहेत, पण मारणारा कोणाला दिसत नाही, आणि बर्फात पावलं फक्त मेलेल्या माणसाची.

कारची खासियत अशी की तो अर्धं पुस्तक भुताखेतांच्या वाटेने नेतो. थडग्यांतून उठलेली माणसं, शाप, जादूगार. रात्री वाचताना क्षणभर खरंच वाटतं, याला दुसरं स्पष्टीकरणच नाही. आणि मग एकेक गाठ सुटत जाते. भीती आणि तर्क हे दोन्ही रस एकाच पुस्तकात असे पुरेपूर मला दुसरीकडे क्वचितच मिळाले. आपल्याकडे अनेकांनी लहानपणी बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड वाचले, पण त्यांची ओढ वेगळी होती, ती धाडसाची आणि वेगाची. कार वाचताना वेग सोडावा लागतो. पानं उलटून परत मागे जावं लागतं, खोलीचा नकाशा बघावा लागतो.

'द हॉलो मॅन'च्याच सतराव्या प्रकरणात कारचा गुप्तहेर डॉ. गिडियन फेल तपास थांबवून चक्क बंद खोल्यांवर व्याख्यान देतो. आपण एका रहस्यकथेतली पात्रं आहोत आणि तसं नसल्याचं सोंग करण्यात अर्थ नाही, असं तो उघड म्हणतो. तुमच्या प्रश्नाचा एक भाग तिथे येऊन जातो. उत्तर कळल्यावर कित्येकांचा विरस होतो तो का? फेल म्हणतो, परिणाम इतका जादूचा असतो की कारणही जादूचंच असेल असं आपण धरून चालतो, आणि ते साधं निघालं की रागावतो. मला हे पूर्ण पटतं. मोडका खिळा ही क्षुल्लकच गोष्ट आहे. एवढ्या क्षुल्लक गोष्टीने एवढी मोठी अशक्यता तोलून धरली होती याचं नवल ज्याला वाटतं, तो या पुस्तकांत रमतो. ज्याला वाटत नाही त्याच्यासाठी इतर पुष्कळ चांगली पुस्तकं आहेत.

सगळीच बंद खोली चांगली असते असं मात्र मी म्हणणार नाही. सुई, दोरा आणि चिमटा वापरून बाहेरून बोल्ट सरकवला, असल्या उत्तरांचा मला कंटाळा येतो. ते वाचून आपण कुठे चुकलो हे कळत नाही, फक्त खुन्याचं हस्तकौशल्य कळतं. पात्रं पुठ्ठ्याची असतात हा आरोपही बऱ्याच पुस्तकांबाबत खरा आहे. पण कारनेच कार्टर डिक्सन या नावाने लिहिलेली 'द जूडस विंडो' (१९३८) वाचून बघा. एक तरुण होणाऱ्या सासऱ्याला भेटायला जातो, व्हिस्की पितो, शुद्ध हरपते. शुद्धीवर येतो तेव्हा सासऱ्याच्या छातीत भिंतीवर टांगलेला बाण, दार आतून बंद, खिडक्या बंद आणि खोलीत हे दोघंच. खटला उभा राहतो आणि वकील सर हेन्री मेरिव्हेल सांगत राहतो, तुरुंगाच्या कोठडीच्या दाराला पहारेकऱ्याला डोकावायला झडप असते, तशी जूडस खिडकी प्रत्येक खोलीला असते. प्रत्येक! ती तुमच्या-माझ्या खोलीलाही आहे. उत्तर कळल्यावर मी माझ्या खोलीत बराच वेळ बसून होतो आणि ते तिथे समोरच होतं.

सगळ्या एकसारख्याच असतात असं वाटत असेल, तर एका जपानी लेखकाकडेही बघा. सेईशी योकोमिझोची कादंबरी १९४६ ची, इंग्रजीत 'द होंजिन मर्डर्स' या नावाने २०१९ मध्ये आली. लाकूड, कागद आणि सरकत्या दारांच्या घरात युरोपसारखी भक्कम बंद खोली आणायची कुठून, हीच अडचण त्याने कथेत घेतली. लग्नाची रात्र, कोतो वाद्याचे सूर, बाहेर बर्फात रोवलेली रक्ताळलेली तलवार. घराची बांधणी बदलली की कोडंही बदलतं. आपल्या कोकणातल्या कौलारू घरात हे जमवायचं तर लेखकाला आधी छपराचा बंदोबस्त करावा लागेल, चार कौलं सरकवली की वाट मोकळी.

प्रत्यक्षातही असं घडलंय. ९ मार्च १९२९ ला न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये इझिडोर फिंक हा लाँड्रीवाला दुकानात गोळ्या लागून मेलेला सापडला. दारं आतून बंद, आत पिस्तूल नाही. दारावरच्या छोट्या झरोक्यातून एका मुलाला आत सोडून दार उघडावं लागलं. खुनी कधीच सापडला नाही. हे वाचून मला फक्त खिन्न वाटतं, कारण एक माणूस गेला आणि कोणालाही त्याचा जाब द्यावा लागला नाही. कादंबरीत पहिल्याच पानावर लेखकाचा शब्द असतो की याचा उलगडा होईल आणि तो आपल्या याच जगातला असेल. त्या शब्दाच्या भरवशावर आपण इतका वेळ अंधारात राहायला तयार होतो.

वाचायला सुरुवात करायची असेल तर आधी 'रू मॉर्ग', मग गास्ताँ लरूची १९०७ ची 'पिवळ्या खोलीचं रहस्य'. बाप आणि जुना नोकर दाराबाहेरच असताना आत मुलीवर हल्ला होतो आणि हल्लेखोर सापडत नाही. फेलने त्या व्याख्यानात हिला आजवरची सर्वोत्तम रहस्यकथा म्हटलंय. त्यानंतर झँगविल आणि मगच 'द हॉलो मॅन'. हा क्रम मोडू नका, कारण सतराव्या प्रकरणात फेल आधीच्या लेखकांच्या युक्त्या बिनदिक्कत सांगून टाकतो. आणि कुठल्याही नव्या आवृत्तीची प्रस्तावना कादंबरी संपल्यावरच वाचा.