मार्कर बंद केला की स्कायरिममध्ये वाट का सापडत नाही

स्कायरिम या व्हिडिओ गेममधले क्वेस्ट मार्कर (पुढचं काम कुठे आहे ते दाखवणाऱ्या खुणा) बंद केले आणि तासाभरात वैतागलो, मग जुने खेळाडू मार्करशिवाय खेळण्याचं इतकं कौतुक का करतात, असं तुम्ही विचारलंय. वैतागणारच. तो खेळ मार्कर गृहीत धरूनच लिहिलाय.

त्याच मालिकेतला आधीचा मॉरोविंड (२००२) बघा. बालमोरा गावातलं हॅस्फॅट नावाचं पात्र तुम्हाला आर्कंगथांडच्या ड्वेमर (खेळातली एक नाहीशी झालेली जमात) अवशेषांतून एक पझल बॉक्स आणायला पाठवतो. नकाशावर बाण वगैरे काही नाही. एसटी स्टँडवर पत्ता विचारावा तसा तो तोंडी सांगतो: मूनमॉथ किल्ला, मग फोयाडावरचा (लाव्ह्याने कोरलेल्या दरीवरचा) जुना ड्वेमर पूल. ते जर्नलमध्ये, म्हणजे खेळातल्या नोंदवहीत, उतरतं. तिथे पोचलात तरी दार ढकलून उघडत नाही, जवळच्या पाइपावरची कळ शोधून फिरवावी लागते. साहजिकच पूल, किल्ला, पाइप सगळं डोळे उघडे ठेवून बघितलं जातं. (काही क्वेस्टमधले पत्ते धड नाहीत, हेही खरं. तेव्हा शिव्या घालायच्या आणि परत फिरायचं.)

मालिकेतल्या पुढच्या ऑब्लिव्हियनमध्ये (२००६) होकायंत्रावर मार्कर आला आणि पत्ता सांगायची गरजच संपली. स्कायरिममध्ये तर रेडियंट क्वेस्टमधली (खेळ आपोआप तयार करतो त्या कामांमधली) गुहा खेळच ऐनवेळी निवडतो, तिचा पत्ता आधी लिहून ठेवणार कोण? जर्नलमध्ये नुसतं 'अमक्याला मारा' एवढंच. मार्कर काढला की हातात काही उरत नाही.

गंमत म्हणजे सुरुवातीला स्कायरिमच हे छान करतो. रिव्हरवुडच्या वाटेवर सोबती डोंगराकडे बोट दाखवून ब्लीक फॉल्स बॅरोबद्दल बोलतो, आणि ते अवशेष खरंच वर दिसत असतात. ब्रेथ ऑफ द वाइल्ड (२०१७) या दुसऱ्या खेळाने अख्खा नकाशा असा नजरेवर बेतलाय. टेकड्या मुद्दाम त्रिकोणी, म्हणजे चढायचं की वळसा घालायचा हे तुम्ही ठरवायचं आणि पलीकडचं काही आधी दिसायचं नाही. एल्डन रिंगमध्ये (२०२२) नकाशाचा तुकडा मिळण्याआधीही कोऱ्या भागावर, तो तुकडा जिथे मिळतो त्या शिलास्तंभाची बारीक खूण असते. तेवढी पुरते.

पीसीवर असाल तर 'ईव्हन बेटर क्वेस्ट ऑब्जेक्टिव्ह्ज' हा मॉड (चाहत्यांनी केलेली जोडणी) टाका, तो जर्नलमध्ये पत्ते घालतो. कन्सोलवर मार्कर चालू ठेवा, पण फास्ट ट्रॅव्हल (नकाशावरून थेट उडी) सोडा आणि शहराबाहेरच्या घोडागाड्या वापरा. रेडियंट क्वेस्ट मार्करशिवाय करायच्या भानगडीत मात्र पडू नका.