वाचकांचे प्रश्न : पुरात बुडालेली गाडी आणि विम्याचा क्लेम

प्रश्न : आमचं घर चिपळूणला, वाशिष्ठी नदीपासून जवळच. परवाच्या पुरात गाडी बिल्डिंगखालीच उभी होती, डॅशबोर्डपर्यंत पाणी चढलं. तेव्हापासून चावीला कुणी हात लावलेला नाही. पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह आहे, पण झिरो डेप (सुट्या भागांच्या जुनेपणाची वजावट टाळणारं जादा कव्हर) किंवा इंजिन प्रोटेक्शन (इंजिनच्या बिघाडाचं जादा कव्हर) नाही. आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) ६ लाख, वर्कशॉपचं एस्टिमेट ५ लाख १० हजार. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, ‘इंजिनचं काही मिळणार नाही.’ शेजारचा मेकॅनिक म्हणतो, ऑइल बदलून एकदा स्टार्टर मारून बघू. कर्जाचे हप्ते चालू आहेत. मिस्टर बोटीवर असतात, सगळं मलाच बघायचंय. काय करू?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, आधी त्या मेकॅनिकला थांबवा. पाणी दाबलं जात नाही. एअर फिल्टरवाटे सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल, तर पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग कंपनी म्हणणार, हे नुकसान पुराने नाही, गाडी सुरू करायला गेल्यामुळे झालं. इंजिन प्रोटेक्शन नसताना तिथे तुमची बाजू टिकणं कठीण. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. गाडी गिअरमध्ये ठेवून ओढू देऊ नका, त्यानेही इंजिन फिरतं. फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवर, चढवूनच न्या.

आता फोनवरच्या त्या वाक्याबद्दल. मी बरीच वर्षं मोटार सर्व्हेअर, म्हणजे क्लेमसाठी गाडीचं नुकसान तपासणारा, होतो. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर तुमच्याच गावात चिखलाने भरलेल्या गाड्या तपासल्या आहेत. असलं सरसकट उत्तर ऐकून माणसं गप्प बसतात, याची मला तेव्हाही चीड यायची. उभ्या, बंद गाडीच्या इंजिनात पुराचं पाणी शिरलं तर ते थेट पुराचं नुकसान आहे, आणि पूर तुमच्या पॉलिसीत आहे. वगळलंय ते मागाहून ओढवलेलं नुकसान. दोन्हींतला फरक इंजिन उघडल्यावर डोळ्यांना दिसतो. डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) ऑइल दुधाळ चहासारखं आलं तर पाणी शिरलंय एवढंच कळतं. बाकीचं कळतं ते इंजिनचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, काढल्यावर. एकेक पिस्टन टॉपला आणून उंची मोजतात. रॉड वाकला असेल तर तो पिस्टन बाकीच्यांपेक्षा खाली राहतो. सगळे सारखे असतील आणि सिलिंडरच्या भिंतीवर गंजाची रेघ पिस्टन उभा होता तिथेच असेल, तर इंजिन फिरवलेलं नाही याला याहून चांगला पुरावा नाही.

म्हणून कंपनीला आजच ईमेल करा : ‘गाडी उभी होती, सुरू केलेली नाही, इंजिन सर्व्हेअरसमोर उघडून तपासावं.’ खोलण्याची मजुरी कोण देणार तेही लेखी घ्या. मोजमापाच्या वेळी तिथे हजर राहा, फोटो काढा. तोवर गाडी धुऊ नका. सीटवर, दाराच्या आतून उमटलेली चिखलाची रेघ नंबर प्लेटसह फोटोत यायला हवी. तलाठ्याचा पंचनामा झाला असेल तर प्रत जोडा. आरसी भिजली असेल तर डिजिलॉकरमध्ये मिळेल. कळवायला थोडा उशीर झाला असला तरी घाबरू नका. रास्त कारण असेल तर केवळ उशिरामुळे क्लेम नाकारू नये, असं विमा नियामकाने २०११ मध्येच कंपन्यांना कळवलं आहे.

इंजिनसाठी एवढं का भांडायचं, ते नीट समजून घ्या. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात, म्हणजे दुरुस्तीऐवजी आयडीव्हीनुसार पैसे देतात. तुमच्यासाठी ही रेषा साडेचार लाखांची. एस्टिमेट तिच्या वर आहे, पण हिशेबात एस्टिमेट नाही, सर्व्हेअरने पॉलिसीच्या अटींनुसार मान्य केलेला खर्च धरतात. प्लास्टिक, रबर, बॅटरी, एअरबॅगवर ५० टक्के घसारा (जुनेपणाची वजावट) कापतात, धातूच्या भागांवर गाडीच्या वयानुसार. त्यात इंजिनच वगळलं, तर आकडा रेषेच्या बराच खाली येतो आणि वरचे पैसे तुमच्या पदरचे. सर्व्हे रिपोर्टची प्रत मागा, ओळ न् ओळ वाचा.

माझं मत विचाराल, तर डॅशबोर्डपर्यंत बुडालेली गाडी टोटल लॉसमध्ये गेलेलीच बरी. वायरिंग, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), कनेक्टर पुढची दोन वर्षं त्रास देतात. अर्थात टोटल लॉसचे पैसे आधी बँकेच्या कर्जात जातील, उरलेले तुम्हाला. भंगार कुणी नेलं तरी आरसीवरचं तुमचं नाव निघाल्याची खात्री करा, नाहीतर उद्याच्या अपघाताची नोटीस तुमच्या दारी.

नकार आलाच तर लेखी, कारणासह मागा आणि कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. महिन्यात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे वर्षाच्या आत अर्ज करता येतो. फी नाही, वकीलही लागत नाही.

प्रश्न : माझी स्कूटर पुरात बुडाली. विमा फक्त थर्ड पार्टी आहे. काही मिळेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नाही. थर्ड पार्टीत तुमच्या गाडीचं नुकसान येत नाही. स्पार्क प्लग काढून पाणी बाहेर काढल्याशिवाय किक मारू नका, आणि पुढच्या नूतनीकरणाला ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा) घ्या.