पहिलं किट घेण्याआधी

विमानाच्या प्लास्टिक मॉडेलचं पहिलं किट म्हणून मलबार प्रिन्सेसवर तुझा जीव जडलाय, कळतंय. 8 जून 1948 ला मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालेलं एअर इंडियाचं कॉन्स्टेलेशन विमान कोणाला नको असेल? पण पहिलंच किट ते नको. चार इंजिनं, तीन शेपट्या आणि वर चकचकीत धातूचं अंग. सांध्यावरचा एकेक ओरखडा त्यात उठून दिसतो.

आधी डीसी-3 हे दोन इंजिनांचं जुनं विमान कर. 1:144 मध्ये, म्हणजे खऱ्याच्या 144व्या भागाएवढ्या आकारात, पंखांची लांबी जेमतेम 20 सेंटिमीटर, टेबलाच्या कोपऱ्यात मावतं. शिवाय ते शेपटीवर टेकून उभं राहतं, नाकात वजन भरायची भानगड नाही. कॉन्स्टेलेशनला नाकाखाली चाक असतं. आत छर्रे न भरता विमानाचं धड चिकटवलंस तर ते मागे कलंडतं. माझं पहिलं तसंच कलंडलं. अजून शेपटीखाली काडेपेटी आहे.

काचा सुपरग्लूने लावू नकोस, वाफेने पांढुरक्या होतात. साधा फेविकॉल पुरतो. डीकल, म्हणजे पाण्यात भिजवून लावायची चित्रं-अक्षरं, लावण्याआधी ग्लॉसचा, म्हणजे चकचकीत वार्निशचा, हात मार आणि पूर्ण सुकू दे. खरबरीत रंगावर डीकलखाली हवा अडकते आणि चंदेरी चट्टे दिसतात. पाण्यातून काढल्यावर कागदावरून आपोआप सुटेपर्यंत थांब, नखाने ढकलू नकोस.

आणि भर पावसाळ्यात वार्निश फवारू नकोस. दमट हवेत ते दुधाळ होतं, महिन्याची मेहनत पाच मिनिटांत जाते. तयार झालं की काचेच्या कपाटात ठेव, पण खिडकीसमोर नको. उन्हाने रंग उतरतो. धूळ झटकायला जुना मेकअपचा ब्रश झकास. घरातल्यांना विचारून घे मात्र.