जॅझ संगीतकाराचं संगीत कुठल्याच अ‍ॅपवर सापडत नसेल, तर ते ऐकायचं कुठं?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "कुठंच नाही म्हणजे तो माणूस तेवढा महत्त्वाचा नसेल का?" ह्या एका ओळीसाठी उत्तर लिहायला बसलोय. बाकीचं पण सांगतो, आधी हे ऐका.

आमचे अप्पा परभणीत लग्नाच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचे. वरात, उरूस, गणपती, प्रसंगी मयतसुद्धा. वरात मारुतीच्या देवळापाशी आली की 'शोला जो भडके' ठरलेलं. मधल्या म्युझिकला अप्पा भोंग्याच्या तोंडाशी स्टीलची वाटी धरून उघडझाप करायचे आणि ट्रंपेट चक्क बोलायला लागायचं. पोरं खिदळायची, नवरदेवाचे मामे दहाच्या नोटा ओवाळायचे. वाटीची ही युक्ती त्यांच्या उस्तादांची. उस्ताद निजामाच्या पलटणीच्या बँडमधले. (अमेरिकेत ड्यूक एलिंग्टनच्या जॅझ बँडमधला ट्रंपेटवाला बबर माइली 1920 च्या दशकात हेच करायचा, फक्त वाटीऐवजी मोरी तुंबल्यावर वापरतात तो रबरी पंप, दांडा काढून. हे मला फार नंतर कळलं. अप्पांना सांगितल्यावर म्हणाले, "वाटी बरी की, धुवून जेवता तरी येतं.")

एका रविवारी दूरदर्शनवर 'अलबेला' लागला होता, 'शोला जो भडके' त्यातलंच. पडद्यावर बँड आला तसे अप्पा उठून टीव्हीजवळ गेले आणि ट्रंपेटवाल्यावर बोट ठेवलं. "वळखलास का? हा चिक. आपलं निम्मं पोट ह्याच्यावर चालतंय."

चिक चॉकलेट. खरं नाव अँटोनियो झेव्हियर वाझ, गोव्यातल्या हळदोण्याचे, जन्म 1916. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्यांचा बँड होता आणि लोक त्यांना हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे, म्हणजे अमेरिकेतल्या त्या गाजलेल्या जॅझ ट्रंपेटवाल्याचं नाव. दिवसा सिनेमाची रेकॉर्डिंगं, रात्री हॉटेल. सी. रामचंद्रांचे ते सहायक, 1951 चा 'अलबेला' त्याच जोडीचा. हातात स्मार्टफोन आल्यावर मी पहिलं काय शोधलं असेल तर हे नाव. सिनेमाची गाणी मिळाली, सगळी सी. रामचंद्रांच्या नावाखाली. बँडच्या स्वतःच्या डान्स रेकॉर्डी, 78 च्या स्पीडच्या (मिनिटाला 78 फेरे, जुन्या ग्रामोफोनच्या), कुठल्याही अ‍ॅपवर मला सापडल्या नाहीत.

शेवटी संभाजीनगरात एक निवृत्त एसटीवाले गृहस्थ भेटले, घरभर तबकड्या. अप्पांना घेऊन गेलो. तबकडी जाड, काळी, कडेला टवका उडालेला, लेबल इतकं घासलेलं की नुसतं बँडचं नाव वाचता येत होतं. त्यांनी डबीतून नवी पोलादी सुई काढली, साउंडबॉक्सचा (सुई बसते त्या डबीचा) स्क्रू आवळला, हँडल मारलं. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. आधी नुसती खरखर, मग त्यातून ट्रंपेट वर आलं. अप्पांच्या उजव्या हाताची तीन बोटं मांडीवर चालू झाली, ट्रंपेटला तीनच कळा असतात. बाजू संपल्यावर मला म्हणाले, "दम कुठं घेतला ते सापडलं का? नाही सापडणार." मग त्या गृहस्थांना म्हणाले, "परत लावा." त्यांनी सुई बदलली आणि लावली. सुई दरवेळी बदलायची असते, नाहीतर खाचा खराब होतात.

आता आमच्या दाजींबद्दल. दाजी हार्मोनियम शिकलेले आहेत. भाचीच्या बारशाला, पंगतीत, अप्पा शेजारीच बसलेले असताना म्हणाले, "चाल अण्णांची. बाकीचे काय, वाजंत्री." अप्पा खाली मान घालून जेवत राहिले. अण्णा म्हणजे सी. रामचंद्र. चाल त्यांची, ह्यात वादच नाही. पण पेटीवर गुणगुणलेल्या चालीतून ट्रंपेटनं काय वाजवायचं, सॅक्सोफोननं कुठं थांबायचं, बोंगो कधी घुसायचा, हे पाश्चात्त्य नोटेशनमध्ये कागदावर उतरवून वादकांपुढं ठेवणारी माणसं बहुतेक गोव्याची, चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकून आलेली. पोस्टरवर त्यांची नावं नसायची, आता अ‍ॅपवर नाहीत. अ‍ॅपवर काय राहणार हे कंपनीकडं कशाचे हक्क आहेत आणि कशातून पैसा येतो ह्यावर ठरतं. त्यावरून माणसाची किंमत करणं म्हणजे दाजींचंच गणित.

बरं, तुमचा प्रश्न. तुमचे संगीतकार अमेरिकन आहेत म्हणता. इंटरनेट आर्काइव्ह ह्या ऑनलाइन संग्रहावर 78 च्या हजारो तबकड्या चढवलेल्या आहेत, तिथं संगीतकाराच्या नावानं शोधण्यापेक्षा बँडच्या आणि वादकांच्या नावानं शोधा. एलपी (नंतरची, जास्त वेळ चालणारी तबकडी) निघाली असेल तर डिस्कॉग्ज ह्या रेकॉर्डींच्या वेबसाइटवर कळेल, पण परदेशातून मागवली तर टपाल आणि कस्टम धरून किंमत डोळे पांढरे करते. भारतातल्या तबकड्यांसाठी सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आहे, 1990 मध्ये मुंबईत सुरू झालेली. संग्राहक तबकडी घरी देत नाहीत, मागूही नका. जाऊन बसा, ऐका, चहा प्या. आणि तुमच्या गावात कुणी जुना बँडवाला उरला असेल तर त्याला आधी गाठा. आमच्याकडं बेंजो आणि डीजेनं ती माणसं घरी बसवली, पण बोटांत सगळं आहे.

राहिलेल्या दोन गोष्टी. 78 ची तबकडी एलपीच्या सुईनं वाजवू नका, 78 च्या खाचा रुंद असतात. आणि रेकॉर्डिंग करून कुठं चढवायचं मनात असेल तर आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं, म्हणजे 1940 च्या दशकातलं ध्वनिमुद्रण मोकळं झालं. रचनेचा हक्क मात्र वेगळा, रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. चिक 1967 ला गेले, त्यामुळं त्यांच्या स्वतःच्या रचना 2027 संपेपर्यंत अडकलेल्या. अमेरिकेतला हिशोब निराळा आहे, तो तिथल्या जाणकाराला विचारा.

दाजी इथं वाचत असतात म्हणून जाता जाता: 1951 चाच 'नादान', तलतचं 'आ तेरी तस्वीर बना लूँ'. हे तर अ‍ॅपवरसुद्धा मिळेल. संगीतकार कोण ते बघा, अण्णा नाहीत.