छोट्या व्यवसायाने सेमरश घ्यावे, एचरेफ्स घ्यावे, की गूगलची मोफत साधने पुरतात?

सेमरश आणि एचरेफ्स ही लोक गूगलवर काय शोधतात आणि स्पर्धकांच्या साइट काय करतात, हे दाखवणारी विकतची साधने आहेत. वेबसाइट नवी असेल तर आधी पैसे खर्च करू नका. गूगल सर्च कन्सोल जोडा. लोक नेमके काय टाइप करून तुमच्यापर्यंत आले, हे ते थेट गूगलच्या नोंदींतून दाखवते, तेही मागच्या १६ महिन्यांपर्यंतचे. सेमरश आणि एचरेफ्सचे आकडे शेवटी अंदाज असतात, हे विकणारे क्वचितच सांगतात.

एखादा शब्द महिन्याला किती वेळा शोधला जातो हे सांगणारा गूगलचा कीवर्ड प्लॅनरही मोफत आहे, पण जाहिरातींवर खर्च करत नसाल तर अचूक संख्येऐवजी ‘१ हजार ते १० हजार’ असा ढोबळ पट्टा दिसतो. पैठणीच्या दुकानाला यावरून काय ठरवता येणार? अशा वेळी गूगलच्या शोधचौकटीत ‘पैठणी’ लिहून खाली येणाऱ्या सूचना वाचा. देवनागरीत आणि रोमन लिपीत, दोन्हीकडे बघा. आपले बरेच ग्राहक मराठी शब्द रोमनमध्येच टाइप करतात.

स्पर्धकाला कुठून लिंक मिळतात हे पाहायचे असेल तर मी एचरेफ्स घेईन. स्पर्धकाच्या जाहिरातीही अभ्यासायच्या असतील तर सेमरश. दोन्ही महाग आहेत. एक महिना घ्या, हवी ती माहिती उतरवून ठेवा, मग बंद करा. स्वतःच्या साइटपुरते एचरेफ्सचे वेबमास्टर टूल्स मोफतच मिळते.